चित्राची वाटणी

तीर्थरूप ताईंस, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार (दुसरी काही ओळख तुम्ही शिल्लक ठेवलेली नाही). तुमचे गुडघे कसे आहेत, रक्तदाब काय म्हणतो, हे फोनवरच विचारलं असतं. पण ती गेल्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. शेवटच्या दिवसांत मी तुम्हाला बोलावलं नाही, हा तुमचा राग. तो बाजूला ठेवून (किंवा मांडीवर घेऊन, तुमची मर्जी) पुढचं वाचा. माझी तब्येत उत्तम आहे. म्हणजे वजन उतरलंय, झोप उडालीय, आणि परवा दुकानात एका गिऱ्हाइकाला मी भलत्याचाच चष्मा दिला. तो बिचारा 'छान दिसतंय' म्हणून घेऊनही गेला.

हे कळल्यावर लेकीनं मला वाचनालयात नेऊन बसवलं. तिथे शनिवारी दुःखी माणसांचा वर्ग भरतो. वर्गाच्या बाई भिंतीवर एक चित्र टांगतात. ते बघून मनात येईल ते लिहायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. त्यानं मन हलकं होतं म्हणे. जन्मभर मी लोकांना फळ्यावरची अक्षरं दाखवून 'काय दिसतंय?' विचारत आलो. आता लोक मला विचारतात. चित्रात एक बाई पाठमोरी खिडकीशी उभी आहे. एक पडदा, एक स्टूल, कोपऱ्यात बादली. बस्स. (चित्रकाराचे रंग संपले असावेत.)

पहिल्याच शनिवारी जुंपली. औषधाच्या दुकानवाल्यानं लिहिलं, ही माझी बायको, माझी वाट बघतेय. शिवणकाम करणाऱ्या बाई उसळल्या, "अहो, काहीतरीच काय! ती माझी मुलगी आहे. मान बघा की तिची!" एका निवृत्त ड्रायव्हरनं सांगितलं की आपली आईच अशी उभी राहायची. त्यावर औषधवाल्यानं 'तुमची आई एवढी उंच होती का?' असं विचारलं, आणि ड्रायव्हरनं बाह्या सरसावल्या. मन हलकं करायला आलेली माणसं मेलेल्यांच्या उंचीवरून हातघाईवर आली! शेवटी वर्गाच्या बाईंनी भावकीत जमिनीची करतात तशी चित्राची वाटणी केली. पाठमोरी बाई कुणाचीच नाही, तिच्यावर कुणी लिहायचं नाही. औषधवाल्याला खिडकी, शिवणकामवाल्या बाईंना पडदा (त्यांनी लगेच शिलाईला नावं ठेवली), ड्रायव्हरला स्टूल. मी भांडणात तोंड उघडलं नव्हतं, म्हणून माझ्या वाट्याला बादली. न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत म्हणतात, ते खोटं नाही.

बादलीवर माणूस लिहिणार काय? 'बादली लोखंडी आहे' इथवर आलो आणि हात थांबला. मग थांबेचना. तिच्या पलंगाशी ठेवलेली आमची निळी बादली मी लिहिली. सलाईनमधून औषध चढवून घरी आणलं की दोन दिवस ती नुसती ओकत असायची. मी बादली धुऊन आणायचो, आणि दर वेळी ती म्हणायची, "तुम्हाला उगाच त्रास." मी म्हणायचो, त्रास कसला, तेवढाच व्यायाम. ती हसायची, आणि हसता हसता पुन्हा ओकायची. ताई, हे मी लेकीलाही सांगितलं नव्हतं. वर्गात अर्धं वाचून मी कागद ड्रायव्हरच्या हातात दिला, उरलेलं त्यानं वाचलं, तेही अडखळत. निघताना औषधवाला जवळ येऊन हळूच विचारतो, "खिडकी देतो, बादली द्याल का?" मी दिली नाही.

तर असं चाललंय. मन हलकं वगैरे काही झालेलं नाही, पण शनिवारी दाढी करतो.

तुमचा,
चष्मेवाला

ता. क. वर्गाला घरचं एक माणूस आणलेलं चालतं. लेकीला शनिवारी काम असतं. तुम्ही याल का? चहा बरा असतो.

आणखी एक ता. क. वरचं सगळं मी हे लिहायचा धीर यावा म्हणून लिहिलं. तुम्हाला न बोलावणं माझ्या मनातलं नव्हतं. तिनं मला शपथ घातली होती. डोक्यावर एक केस उरला नव्हता. म्हणाली, "ताईनं लहानपणी रोज माझी वेणी घातलीय. तिला हे डोकं दाखवू नका." हे तुम्हाला सांगायचं नाही, असंही बजावलं होतं, तेवढं मात्र आता मला पेलत नाही. रागवायचं तर आम्हा दोघांवर रागवा. पण इथे येऊन रागवा. या घरात कुणी कुणावर रागावून फार दिवस झाले.