दोन्ही लोरेन्झ माझेच

ईश्वराला स्मरून मी अपोलोनिया, दिवंगत फेल्टन वेन्डलिंग यांची विधवा, राहणार टुल्पेहॉकन, पेनसिल्व्हेनिया प्रांत, हे मृत्युपत्र लिहून ठेवते की, माझे गुडघे गेले असले तरी बुद्धी जागेवर आहे. धाकट्या मुलाचे याबाबत वेगळे मत आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकले. मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि चर्चचे शाळामास्तर लिहितात. माझे शब्द गुळगुळीत करायचे नाहीत, असे त्यांना बजावले आहे.

कलम पहिले. घर आणि शेत पतीच्या मृत्युपत्राने "माझा मुलगा लोरेन्झ" याला गेले. मला लोरेन्झ नावाचे दोन मुलगे आहेत. शेत धाकट्याचे आहे. थोरल्याचा त्यावर हक्क नाही आणि त्याने तो कधी सांगितलेलाही नाही. हे स्पष्ट लिहून देते, म्हणजे धाकट्याला झोप लागेल.

कलम दुसरे. पिसांची गादी, तांब्याची मोठी कढई आणि जवसाचे धागे विंचरायची फणी मुलगी सिबिला हिला. कढई तिने सासूला उसनी देऊ नये. त्या बाईने नेलेली माझी चाळणी अजून परत आलेली नाही.

कलम तिसरे. एका घरात एकाच नावाचे दोन भाऊ कसे, हे पुढे कुणी विचारील, म्हणून सांगते. आम्ही फिलाडेल्फियाला उतरलो तेव्हा बोटीचे भाडे द्यायला जवळ काही नव्हते. बोटीवरच्या कितीतरी जणांनी केले तेच माझ्या पतीने केले. सात वर्षांचा लोरेन्झ एका इंग्रज मालकाकडे, एकवीस वर्षांचा होईपर्यंत, कामाला बांधून दिला. मालक त्याला घेऊन व्हर्जिनियात गेला. पुढे एका गाडीवानाने सांगितले की पोरगा देवीच्या साथीत गेला. थडगे कुणी पाहिले नव्हते. आमच्यात मेलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला देतात, म्हणजे आजोबांचे नाव घरात राहते. पुढचा मुलगा झाला तेव्हा मी म्हटले, अजून थोडे थांबू या. फेल्टन म्हणाले, "मेलेल्यासाठी नाव किती दिवस राखून ठेवायचं?" आणि बाप्तिस्मा उरकून घेतला. 

सात वर्षांपूर्वी थोरला आमच्या दारात उभा राहिला. तिशी ओलांडलेला, गाड्यांची चाके बनवणारा, आमची भाषा अडखळत बोलणारा माणूस. एका जर्मन फेरीवाल्याकडून त्याला आमचा पत्ता लागला होता. फेल्टननी त्याला जेवायला वाढायला सांगितले, पण मुलगा म्हटले नाही. म्हटले असते तर जिवंत पोराचे नाव काढून दुसऱ्याला दिले, हे कबूल करावे लागले असते. ते त्यांना मरेपर्यंत जमले नाही. मी त्यांना माफ केलेले नाही. वर भेट झाली की बोलेन. मास्तर, हे खोडू नका.

त्यांच्या दफनाच्या वेळी, रिवाजाप्रमाणे, पाद्रीबाबांनी मृताची हकिगत वाचून दाखवली. मुले चार, दोघे हयात. येताना बोटीवरच वारलेली मुलगी एफा आणि व्हर्जिनियात वारलेला लोरेन्झ बापाच्या आधीच पुढे गेले. व्हर्जिनियात वारलेला लोरेन्झ तेव्हा शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर धरून बसला होता. मी उठले. धाकट्याने हाताला धरून मला खाली बसवले.

कलम चौथे. ओढ्यापलीकडचे कुरण झऱ्यासकट माझ्या नावावर आहे, आणि धाकट्याची गुरे तिथेच पाणी पितात. ते त्याला देते, पण अट घालून. माझ्या हकिगतीत "मुले चार, तिघे हयात, पहिला लोरेन्झ" असे वाचले जावे. माझ्या शवपेटीमागे सर्वांत पुढे थोरल्याने चालावे आणि धाकट्याने त्याच्या मागे. अट मोडली तर कुरण सिबिलाला जाईल. जावयाचा त्यावर डोळा आहेच.

कलम पाचवे, थोरल्यासाठी. त्याने माझ्याकडे एवढेच मागितले. म्हणाला, "माझ्या मुली विचारतात, आपण कुणाचे? त्यांना काय सांगू?" तर हे सांग. तुझ्या बापाचा बाप लोरेन्झ वेन्डलिंग, ऱ्हाइनकाठी दारूची पिंपे बनवायचा, आणि पिंप गळले तर बायकोवर ओरडायचा. माझा बाप मेल्किओर हास द्राक्षमळ्यात राबायचा. खोटे बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. त्याचा आजा स्वित्झर्लंडच्या डोंगरातून आला, तेव्हा मोठ्या लढाईने गाव ओस पडले होते. छप्पर उडालेल्या एका घरात तो शिरला आणि तिथेच राहिला. माझी आई ओटिलिया फार हसायची. तुझी धाकटी मुलगी तशीच हसते असे मला वाटते, पण मी म्हातारी आहे, मला वाटायचेच. हे सगळे मास्तरांकडून वेगळे उतरवून घे आणि घेऊन जा. याखेरीज तुला द्यायला माझ्याकडे काही नाही आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

हे मृत्युपत्र होणार असे कळल्यावर धाकटा माझ्याशी भांडला. म्हणाला, "कशावरून तोच? नाव काय, कुणीही सांगेल. तू त्याला एकदा विचार तरी." मी दोघांना समोर बसवून थोरल्याला विचारले, बाबा, तुला आमचे काय आठवते?

थोरला म्हणाला, "काहीच नाही. गाव नाही, बोट नाही. तुमचा चेहराही आठवत नाही. खोटं कशाला सांगू?"

"ऐकलंस ना, आई?" धाकटा म्हणाला.

ऐकले. फसवायला आलेल्याला आईचा चेहरा आठवला असता.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते मी सांगितल्याप्रमाणेच आहे. याआधीची कुठलीही इच्छा रद्द समजावी.

मुक्काम टुल्पेहॉकन, ११ नोव्हेंबर १७७१

निशाणी ✕ अपोलोनिया वेन्डलिंग,
थोरल्या लोरेन्झची, एफाची, धाकट्या लोरेन्झची व सिबिलाची आई

साक्षीदार:
गॉटलीब क्राउटर, शाळामास्तर
डीटरिश मूलआयझेन, शेजारी