सावडीचा रकाना

टाकवे बुद्रुक,
९ मे २०२५

ती. सविता आत्यास सत्यमचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. मोबाइल विहिरीत पडला, म्हणून रमीजच्या दुधाच्या गाडीतून हे लोणावळ्याला पाठवतोय.

कॉलेज मधेच सोडलं म्हणून गाव मला रिकामटेकडा समजतं ना, तर ऐक. आपल्या अडीच एकराचं मॉडेल मी लॅपटॉपवर तयार केलंय. प्रत्येक तुकड्याची माती, पाणी, पिकांचे भाव, लागणारी माणसं, सगळं भरलं आणि विचारलं, कुठं काय लावू. उत्तर आलं काकडी, घेवडा, झेंडू. भात शून्य गुंठे.

आबा म्हणाले, मशीन लय हुशार हाय, पर ते जेवतं का. मी तापलो. सांगितलं, यंदा माझ्या मनासारखं लावायचं, नाहीतर कान्ह्याला कंपनीत कामाला जातो. आबांनी तंबाखू मळायला घेतली. म्हणजे हो म्हणाले.

हे मी कुणासाठी करतोय ते तुला एकटीला माहीत आहे. शेजारच्या केरबाभाऊंना एकदा दिसू दे, की कॉलेज सोडलेल्यालाही डोकं असतं. त्यांच्या लेकीला, राजेश्वरीला, ते आधीच दिसलं असावं. गेल्या जुलैत आपल्या भाताच्या आवणीला ती माझ्या शेजारी उभी राहून मी लावलेल्या रोपांच्या वाकड्या ओळी सरळ करत होती.

लोभ आहेच, तो आबांकडे वळवू नकोस.
तुझा भाचा,
सत्यम

लोणावळा,
१२ मे

चि. सत्यम यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

मोबाइल पडला नाही, तू फेकलास. रमीजनं सांगितलं. लॅपटॉप फेकणार असशील तर आधी कळव, माझ्या खानावळीला उपयोगी पडेल.

मॉडेल मला आवडलं, खोटं कशाला बोलू. आबा काकडीला भीत नाहीत रे, तुझ्या आवाजाला भितात. एकच विचारते. काकडी दिवसाआड तोडावी लागते आणि घरात तू आणि आजी-आजोबा, तिघंच. मग माणसं कुठून धरलीस? आणि राजेश्वरी गेल्या जुलैत आपल्या खाचरात कशाला आली होती, तेही आठवून बघ.

वेळेवर जेवावे आणि आत्यावर माया असावी.
सविता आत्या

टाकवे,
१५ मे

ती. आत्यास सा. न.

माणसं मी सावडीची धरली होती. केरबाभाऊंच्या घरचे पाच जण दरवर्षी आवणीला येतातच, तेच काकडी तोडायला ‘फुकट मजूर’ म्हणून लिहिले. काल तावातावानं त्यांच्या ओट्यावर जाऊन हे ऐकवलंही.

केरबाभाऊंच्या हातातला चहा हसण्यानं सांडला. म्हणाले, बाळा, आमी तुमच्या आवणीला येतो, तुमी आमच्या, दिवसाला दिवस. काकडीला कोण सावड करतं? अन् तुमी भातच न्हाई लावला तर आमी येऊ कुटं? आतून राजेश्वरी म्हणाली, की फुकट माणसांच्या यादीतून तिचं नाव काढावं. मी चिडून उठलो, चपला तिथंच राहिल्या.

अर्ध्या वाटेत अनवाणी उभा राहिलो तेव्हा कळलं. शून्य गुंठे भात म्हणजे राजेश्वरी शून्य दिवस. आणि ते शून्य माझ्याच मॉडेलनं काढलं होतं.

घरी येऊन नवा रकाना केला, सावड. जितके दिवस घ्यायचे तितके द्यायचे. आता खालची दोन खाचरं भाताला आणि काकडी तिघांना झेपेल तेवढीच. आबा चष्मा लावून बघत म्हणाले, हे तर मी तोंडी सांगितलं असतं. मग सांगितलं का नाही विचारलं, तर म्हणाले, तू कंपनीत गेला असतास.

कृपा असावी, हसू नये.
सत्यम

टाकवे,
१६ जुलै

ती. आत्यास सा. न.

काल आपली आवणी झाली. ओळी अजून वाकड्याच येतात, म्हणजे राजेश्वरीचं तसं म्हणणं आहे. दोन महिने मी मानानं अनवाणी फिरलो, काल तिनं चपला आणून बांधावर ठेवल्या. काकडीचे वेल मांडवावर चढलेत, पहिली टोपली रमीजबरोबर तुझ्या खानावळीला.

माझ्यावर होती तशीच माया ठेव, सध्या जरा जास्तच लागेल.
सत्यम

ता. क. चपलांखाली एक वही होती. त्यांच्या शेताचंही मॉडेल करून हवंय. राजेश्वरीनं माती, पाणी, सगळं नीट लिहून दिलंय. ‘घरची माणसं’ या रकान्यात पाच नावं आहेत, आणि सहावं माझं. चूक असेल तर दुरुस्त कर म्हणाली. मी काही दुरुस्त केलेलं नाही.