आप्पांच्या मागं

भाद्रपद व. ९, नांदेड
आप्पांना जाऊन महिना. एकोणीस वर्षं त्यांच्या गाण्याला फिडलची साथ केली. त्यांनी जागा घ्यायची, मी मागून तीच काढायची आणि थांबायचं. आता कुणासाठी थांबू?
लातूरहून शिवप्पाशेठचं पत्र. नवरात्रात आप्पांच्या जागी तुम्हीच बसा, एकट्यानं वाजवा. ही म्हणाली, "जावा की! किती दिवस दुसऱ्याच्या गळ्यामागं पळायचं?" बोलायला काय जातं हिचं.

आश्विन शु. ४, लातूर
लोह्याच्या नाक्यावर शिपायानं मोटार थांबवली, फिडलची पेटी उघडायला लावली. "बाजा है? बजाव." तिथंच उभ्यानं दोन सूर काढले. "बस? इतनाही?" मेला हसत होता.

आश्विन शु. ५, लातूर
झालं वाटोळं.
पूरियाची पहिली ओळ वाजवली आणि थांबलो. डावीकडं बघितलं. आप्पा डावीकडं बसायचे. तबलजी कुजबुजला, "मास्तर, चला की." पुन्हा एक ओळ. पुन्हा गज वर. माझं मला पुढं सुचेचना! सगळी बैठक तशीच गेली, अर्धी वाजवण्यात, अर्धी वाट बघण्यात.
शेठ वाईट बोलले न्हाईत. पानाचा विडा देऊन म्हणाले, "आप्पांच्या मागं लई गोड वाजायचं हो तुमचं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धर्मशाळेत येऊन रडलो. पन्नाशीच्या माणसानं रडावं काय? रडलो.

आश्विन शु. ८, नांदेड
हिला काही सांगितलं न्हाई.
दुपारी कुसुम आली. वकिलाची लेक, सात वर्षं माझ्याकडं शिकून राहिली. हात माझ्याहून गोड. मी गातो, ती तेवढंच काढते. आज मी गप बसलो. ती गज धरून माझ्या तोंडाकडं बघत बसली.
"मास्तर, म्हणा की."
अरे देवा, हिलाही मी तेच शिकवलं! माझं गेलं ते गेलं, या पोरीचं काय?
म्हणालो, "आज मी गाणार न्हाई. तुझं तू वाजव."
"काय वाजवू?"
"ते मला विचारू नको."
तिचे डोळे भरले. मी उठून ओसरीवर आलो. इथंच बसून लिहून राहिलो. लई वेळ झाला. ती घरी गेली न्हाई, चपला इथंच हायत. आतून एक सूर आला. थांबला. आत जाऊन पुढची ओळ म्हणावी असं गळ्याशी आलंय. गप बसलोय.