सनईच्या सुरांत वाळलेला बेदाणा

तासगाव, गुरुवार

माननीय सुभेदार आकारामराव व्याही (सेवानिवृत्त, लष्करी वाद्यपथक), मु. म्हसवड, यांना तासगावहून नानासोचा आदरपूर्वक नमस्कार.

आम्ही सर्व येथे कुशल आहोत. विहीणबाईंचे गुडघे आता कसे आहेत? आपली प्रकृती कशी आहे? विशेषतः आपल्या फुप्फुसांविषयी सविस्तर कळवावे. जिना चढताना धाप लागते का, थंडीतला खोकला समूळ गेला का, एका दमात किती वेळ फुंकता येते (चुलीत म्हणा किंवा अन्य कशात) हे सर्व वाचण्यास मी उत्सुक आहे. या चौकशीमागे कोणताही हेतू नाही. वयोमानाने मनात आले, इतकेच.

आपली कन्या आणि आमची सूनबाई प्रियदर्शनी हिने आमच्या बेदाण्यासाठी वेबसाइट केली, हे आपण जाणताच. तिने महिनोन्‌महिने खपून छायाचित्रे काढली, रंग निवडले, आणि शास्त्रीय मजकूर मी लिहिला. बेदाणा उन्हात वाळतो ही एक लोकप्रिय चूक आहे. द्राक्षे द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात आणि वारा त्यांतले पाणी नेतो, म्हणजे खरा कारागीर वारा होय. (हा मुद्दा वेबसाइटवर प्रकरणवार दिला आहे. ग्राहक तो वाचत नाहीत, असे चिरंजीव ऋषिराज म्हणतात. परंतु ते स्वतःही वाचत नाहीत, तेव्हा त्यांना कळले कसे, हा प्रश्न उरतोच.) त्या वेबसाइटमुळे पुण्यातली घरे थेट आमच्याकडून माल घेऊ लागली, आणि घरात सूनबाईंचा शब्द माझ्या शब्दाच्या वर गेला. मला त्याचा आनंदच आहे.

रस्त्याच्या पलीकडे जालिंदरची शेड आहे. हा माझाच माजी विद्यार्थी. शाळेत फळ्यावरची आकृती उतरवून घेताना त्याने फळ्याला गेलेला तडाही इमानेइतबारे वहीत काढला होता. तेव्हा मी त्याला निरीक्षणशक्तीबद्दल शाबासकी दिली, असे स्मरते. या जालिंदरनेही वेबसाइट काढली. ती उघडून पाहतो तो आमचीच! तोच रंग, तीच छायाचित्रे, तीच प्रकरणे. ‘आमच्या घरच्या मालकीणबाई’ या मथळ्याखाली माझी पत्नी अंजना बेदाणा निवडत बसलेली. (त्यावरून जालिंदरची पत्नी दीपमाला हिने चूल बंद ठेवून त्याला ‘जा की तुज्या मालकिणीकडं जेवाय’ असे सुचवले, अशी आळीत वार्ता आहे.) दूरध्वनी क्रमांकही माझाच होता. त्यामुळे त्याचे ग्राहक मला फोन करीत आणि मी प्रामाणिकपणे त्यांच्या मागण्या उतरवून घेऊन पलीकडे नेऊन देत असे. एकदा तर त्याच्या प्रतीत साठवणुकीचा परिच्छेद गळल्याचे लक्षात आले, तेव्हा तोही त्याला ओट्यावर बसून नीट समजावला. अंजनाने विचारले, “आवं, तुमी त्येला दम द्यायला गेल्ता का शिकवणी घ्यायला?” प्रश्न रास्त होता.

सूनबाईंचे डोळे मात्र भरून आले. ग्राहक तिला विचारू लागले, की दोघांत अस्सल कोण? तेव्हा मी शास्त्रीय उपाय योजला. जमिनीखाली पाणी कोठून कोठे जाते हे पाहण्यासाठी त्यात रंग सोडतात. तसेच आपल्या मजकुरात एक असे वाक्य सोडावे, जे जगात दुसऱ्या कोणालाही आपणहून सुचणार नाही. ते पलीकडे उगवले की चोरी सिद्ध. प्रियदर्शनी म्हणाली, “मामा, खोटं कशाला लिहायचं?” मी तिला प्रयोग आणि असत्य यांतला भेद विस्ताराने सांगितला आणि वाक्य घातले: ‘आमचा बेदाणा सनईच्या सुरांत वाळतो, म्हणून त्याला मुरलेला गोडवा येतो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाक्य पलीकडे हजर! मी दोन्ही पानांच्या छापील प्रती घेतल्या, साक्षीला गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन शंभूराज यांना घेतले आणि रस्ता ओलांडला. दारातच पाय थबकले. आत सनई वाजत होती. अर्जुना सनईवाला क्रेटवर बसून, गाल फुगवून, द्राक्षांना भूप ऐकवत होता.

“या सर,” जालिंदर हात जोडून म्हणाला, “तुमीच लिवलंय न्हवं? म्हटलं सर शास्त्राचं मास्तर, लिवलंय म्हंजी अब्यास करूनच लिवलं आसंल. तवाच आर्जुनाला आणला. माल बघा की, सकाळधरनं लय गोड पडाय लागलाय.”

शंभूराजांनी मूठभर बेदाणा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि निकाल दिला, “व्हय रं, फरक हाय.” मग ते माझ्याकडे वळले. “पन सर, तुमच्या शेडात सनई कवा वाजती? आमी गल्लीतच ऱ्हातो, कवा कानावर आली न्हाई.”

मी ध्वनिलहरी आणि बाष्पीभवन यांच्या संबंधाविषयी बोलण्यास प्रारंभ केला. परंतु तसा संबंध मला स्वतःलाच सापडेना. उभ्या आयुष्यात प्रथमच मी एक वाक्य अर्धवट सोडून घरी आलो. छापील प्रती चेअरमनच्या हातात राहिल्या. त्यांतून आता एवढेच सिद्ध होते, की जे जालिंदर खरोखर करतो ते आम्ही नुसते लिहितो.

आता मूळ अडचण. आमचे सर्वांत मोठे ग्राहक म्हणजे पुण्याच्या एका गृहनिर्माण सोसायटीतल्या भगिनी. त्या येत्या रविवारी दोन्ही शेड पाहणार आहेत आणि अस्सल कोण ते ठरवून वर्षभराची मागणी तेथेच देणार आहेत. पलीकडे सनई आणि आमच्याकडे पंख्याची घरघर, असे झाल्यास आपल्या लेकीची वेबसाइट कायमची नक्कल ठरेल. वाक्य काढून टाकावे, तर लबाडी उघडी पडल्यावर पळ काढला असे दिसेल. सनईवाला शोधावा, तर लग्नसराई. उंब्रजपर्यंत माणूस पाठवला. तेथील सनईवाले आषाढात बघू म्हणाले. आषाढात माझ्या शेडमध्ये एकही ओले द्राक्ष नसते, हे मी त्यांना सकारण समजावले, पण त्यांनी फोन ठेवला.

असो. आपल्याला कोणताही त्रास द्यावा असा या पत्राचा उद्देश नाही. केवळ ख्यालीखुशाली कळावी आणि आपलीही कळवावी, इतकेच. विहीणबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
नानासो

ता. क. : शनिवारीच मुक्कामाला यावे आणि येताना बॅगपाइप आणावी. लष्करी गणवेश अंगाला येत असल्यास तोही आणावा. ऋषिराजच्या वरातीत आपण ती वाजवताच घोडी नवरदेवासह उसाच्या फडात शिरली, याचा दोष मी वाद्याला कधीही दिला नाही. घोडीच्या शिक्षणाला दिला. द्राक्षे जागची हलत नाहीत, त्यामुळे यावेळी निर्धास्तपणे वाजवावी.

ता. क. २ : आपला होकार गृहीत धरून, आणि यापुढे वेबसाइटवर केवळ सत्यच असावे या सूनबाईंच्या अटीनुसार, मी काल संध्याकाळी ‘सनई’ हा शब्द काढून ‘लष्करी बॅगपाइप’ असे लिहिले आहे. तेव्हा सत्य आता सर्वस्वी आपल्या श्वासावर अवलंबून आहे.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत असतानाच जालिंदर आला. त्याच्याही वेबसाइटवर सकाळपासून बॅगपाइप आहे. “सर, ही बॅगपाइप म्हंजी नक्की काय आसती? आन्‌ गावती कुटं?” असे त्याने विचारले. जिज्ञासूला विन्मुख पाठवणे मला जन्मात जमलेले नाही. मी त्याला पिशवी, नळ्या, स्वर टिकण्यामागील तत्त्व हे सर्व आकृती काढून समजावले. त्याने आकृती उतरवून घेतली (माझ्या पेनातून सांडलेल्या शाईच्या डागासकट). मग त्याने वाजवणारा कोठे मिळेल असे विचारले, आणि बोलण्याच्या ओघात मी आपले नाव, पत्ता व घराच्या खुणाही सांगून बसलो. तो लगेच मोटरसायकलवर म्हसवडला निघाला. हे पत्र मी एसटीच्या वाहकाकडे देत आहे, म्हणजे पत्राआधी जालिंदरच पोचेल. तो आलेला असल्यास त्याला चहा द्यावा, जेवू घालावे, हवे तर सिद्धनाथाचे दर्शनही घडवावे. पण कृपा करून त्याच्यासमोर पिशवीत हवा भरू नये.