पिंपळझिऱ्याचा पेला

४ एप्रिल, शुक्रवार
झाले एकदाची अध्यक्ष! तीन नगरपालिका, एक धरण आणि त्यांचं हे एक संयुक्त मंडळ. मिरवायला बरं आहे, पण अधिकार म्हणाल तर हातात काही नाही — प्रत्येक गावाचं एक मत, आणि एकानेही 'नाही' म्हटलं की ठराव पडला. आमच्या गावचं मत आता माझं.

चौथं मत पिंपळझिऱ्याचं. ते गाव धरणात बुडालं. जमीन देताना त्यांनी मंडळात खुर्ची मागून घेतली होती, कायमची. त्या खुर्चीवरचे भगवंतराव होळीच्या आधी वारले, दुसरं कुणी अजून नेमलेलं नाही. म्हणून रीतीप्रमाणे बुधाजी शिपायाने तिच्यापुढे धरणाच्या पाण्याचा पेला ठेवला. ज्या गावाची खुर्ची रिकामी त्याचं नाव पुकारायचं, उत्तर आलं नाही की संमती धरायची. मला हसूच आलं. आमचे उपाध्यक्ष इनायतुल्लासाहेब हळूच म्हणाले, "हसू नका मॅडम. खुर्चीले ऐकू येते."

सभा संपली तेव्हा पेला रिकामा होता. ऊन मी म्हणतंय, बुधाजीच प्यायला असेल!

११ एप्रिल
धरणाची भिंत उंच करायचा ठराव मीच आणतेय. आमच्याकडे आठवड्याने नळ येतो, बाया दारात येऊन शिव्या घालतात. पण भिंत वाढली की पिंपळझिऱ्याची नवी वसाहतही बुडणार. सासूबाई तिथेच राहतात, एकट्या. नवऱ्याने, कुलदीपने, आईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला — भित्रा! त्या एवढंच म्हणाल्या, "एका जन्मात मले कितीकदा बुडवान, बाई?"

जेवण गेलं नाही.

२१ एप्रिल
ठराव मंजूर.

कसा, ते फक्त इथेच लिहिता येईल. तिन्ही गावं हो म्हणाली. मग पिंपळझिरा पुकारलं. रिकाम्या खुर्चीतून आवाज आला — "नाही." भगवंतरावांचाच. आधी त्यांचा तो नेहमीचा खोकला, मग शब्द. सगळ्यांनी ऐकला! सगळे टेबलावरच्या शेंदूरजन्याच्या संत्र्यांकडे बघत बसले. मीच म्हणाले, "उत्तर नाही. संमती धरावी."

पेला रिकामा.

२४ एप्रिल
नळ आला. पाण्याला गाळाचा वास येतोय. कुलदीपला येत नाही म्हणे.

२ मे
ठरलं! १६ तारखेच्या सभेत ठराव पुन्हा मताला येऊन कायम होतो, तिथे आमच्या गावातर्फे मीच 'नाही' म्हणणार. एक मत पुरे. खुर्ची गेली तर गेली. इनायतुल्लासाहेबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "जोरात बोलजा मॅडम."

८ मे
सासूबाई धरणात जाऊन बसल्या होत्या. पाणी आटलंय, जुन्या घराचा ओटा उघडा पडलाय, त्यावर. आणायला गेले. लांबूनच ओरडले, "आई, मी नाही म्हणणार आहे!" त्या दोन्ही हात हलवत होत्या — "तिकून येऊ नोको! तिथं इहीर हाये!" कळलं तोवर पाय गाळात. डोक्यावरून पाणी गेलं. कानात नुसता गारवा.

मग सुटले, घरी आले. चिखल काही निघत नाही. कुलदीप दारात बसून ढसढसा रडतोय. मी हाक मारली, त्याने मान वळवली नाही.

१२ मे
घरात सारखी माणसं. माझ्याशी कुणी बोलत नाही. नाही तर नाही! मला फक्त १६ तारीख हवी आहे.

१६ मे
अध्यक्षांच्या खुर्चीत साहेब. मी आमच्या गावच्या खुर्चीत बसले. नाव पुकारलं. उभी राहून म्हणाले, "नाही!" जोरात. पुन्हा म्हणाले. सगळे संत्र्यांकडे बघत होते.

साहेबांचे डोळे भरले होते. म्हणाले, "उत्तर नाही. संमती धरावी."

माझ्यापुढे बुधाजीने पेला ठेवला होता. फार तहान लागली होती.