हवालातीची रिकामी कोठडी एक महिना भाड्याने मिळण्याबाबत

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, तुळजापूर,
जिल्हा उस्मानाबाद.

विषय: कचेरीमागची हवालातीची कोठडी एक महिना भाड्याने देऊन तशी पावती मिळणेबाबत.
संदर्भ: हरणाबाई, घरमालकीण, यांनी चारचौघांत दिलेला तोंडी नकार.

मेहेरबान साहेब,

अर्जदार गुंडप्पा वलद बंडप्पा अदबीने सादर करतो की, अर्ज कचेरीच्या उर्दूत नसून मराठीत आहे याची प्रथम माफी असावी. कचेरीसमोर लिंबाखाली बसणाऱ्या अर्जनविसाकडून उर्दूत लिहून घेणार होतो. पण ते हकीकत मोठ्यानं विचारतात, आणि अर्जदाराची हकीकत लिंबाखाली मोठ्यानं सांगण्याजोगी नाही. पेशकार साहेबांनी ती आपणांस हळू आवाजात वाचून दाखवावी, ही पहिली विनंती.

१. अर्जदार घरजावई आहे. एवढं लिहायला सकाळ गेली. लहानपणी आईबाप गेले, चुलत्यानं वाढवलं. नळदुर्गचे शरणप्पा यांना मुलगा नसल्यामुळं त्यांची मुलगी इरम्मा हिच्याशी लग्न लावून अर्जदारास तिथंच ठेवून घेण्यात आलं. सासरे भले गृहस्थ आहेत. त्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही. काढला असता तर निघायला तरी सोपं गेलं असतं.

२. दिवाळीनंतर अर्जदारास इथं रामकिसनशेठ यांच्या दुकानात गज धरून कापड मोजण्याचं काम लागलं. बायको आणि लेकीस आणावं म्हणून खोली शोधू लागलो. हरणाबाई यांच्या घरामागची दोन खणांची खोली पसंत पडली. परंतु त्यांचा आधीचा भाडेकरू जाताना खिडकीची दारं काढून घेऊन गेला. तेव्हापासून पहिल्या घरमालकाची चिठ्ठी आणल्याखेरीज त्या कोणास खोली देत नाहीत. अर्जदारानं सांगितलं की, याआधी कधी भाड्यानं राहिलोच नाही. त्या म्हणाल्या, मग काय आजवर झाडाखाली ऱ्हात होता? घरजावई हा शब्द काही तोंडातून निघेना. नळदुर्गात एका थोर गृहस्थांच्या घरी होतो, एवढंच बोललो. त्यांनी त्याच गृहस्थांची चिठ्ठी मागितली.

३. इथं अर्जदाराचा घात झाला, तोही मायेनं. सासऱ्यांनी चिठ्ठी लिहून, घडी घालून हातात दिली. वडीलधाऱ्यांनी घातलेली घडी वाटेत उघडणं बरं दिसत नाही, म्हणून न वाचता तशीच नेली. हरणाबाईंना अक्षर येत नाही. त्यांनी ओट्यावर, शेजारपाजार बसलेला असताना, ती वाचून घेतली. मजकूर असा निघाला की, गुंडप्पा लग्नापासून आमच्या घरी आहेत, त्यांच्याकडून आजवर एक पै घेतली नाही, पुढंही घेणार नाही, असा जावई लाखात मिळायचा नाही. हरणाबाई म्हणाल्या, इतकी वर्सं भाडं न देता ऱ्हायलाय आन् मालक वर तारीफ करतोय, असला भाडेकरी मला न्हाय झेपायचा. सगळा ओटा हसला. जावई हा शब्दही सगळ्यांनी ऐकला. आता त्या आळीतून जाताना अर्जदार छत्री उघडून जातो. हे पावसाचे दिवस नाहीत, हे साहेबांस माहीत आहे.

४. इतर मालकांकडे अर्जदाराच्या आधी ही गोष्ट पोचते. एकानं सांगितलं, आधी बायको आणून दाखवा. इरम्मा म्हणते, आधी दार दाखवा, म्या काय बाजारात उभी ऱ्हाऊ व्हय? दोघांचंही बरोबर आहे. तूर्त अर्जदार दुकानातच कापडाच्या गठ्ठ्यांवर निजतो. इरम्मानं मात्र कुलूप घेऊन ठेवलं आहे. ते कुठं लावायचं हे ती विचारत नाही, आणि तेच जास्त लागतं.

५. साहेब, सासरच्या घरात सगळे अर्जदारास पाव्हणं म्हणतात. जावयाला तसं म्हणायची आमच्यात रीतच आहे, त्यात कुणाचा दोष नाही. गेल्या आठवड्यात नळदुर्गास गेलो, तर लेक शांतम्मा अंगणात खेळत होती. मला पाहून ती पळत आत गेली आणि आईला म्हणाली, पाव्हणं आलंय. इरम्मा पाय धुवायला पाणी घेऊन बाहेर आली. मला लाज वाटली. अशी लाज ओट्यावरसुद्धा वाटली नव्हती.

६. आता येळवस जेमतेम सव्वा महिन्यावर आली. त्या अमावास्येला शेतात सगळे भाऊबंद जेवायला जमतात. यंदा सासरे सर्वांदेखत अर्जदारास पागोटं बांधून घरचा मुलगा म्हणून जाहीर करणार आहेत. ते एकदा डोक्यावर बसलं की घर सोडायला तोंड राहणार नाही. नको म्हणावं तर म्हाताऱ्याचा अपमान होतो. येळवशीच्या आत खोली मिळाली तर मात्र, नोकरीपायी जातो, असं सांगून पाया पडून निघता येईल.

७. सबब विनंती की, हवालातीची कोठडी बरेच दिवस रिकामी दिसते, ती एक महिना अर्जदारास रास्त भाड्यानं द्यावी. कोठडीच्या दाराला लोखंडी गज आहेत, ते काढून नेण्याची भीती नाही. मधेच कोणी कैदी आला तर त्या रात्री अर्जदार बाहेर पायरीवर बसेल. लोक इथून सुटण्यासाठी अर्ज करतात आणि आपण आत जाण्यासाठी करतो आहोत, याची अर्जदारास समज आहे. महिन्याअखेर, सदर इसमानं भाडं वेळेवर दिलं आणि दार जागेवर आहे, अशी मोहरेची पावती मिळावी, म्हणजे पहिल्या घरमालकाची चिठ्ठी म्हणून ती दाखवता येईल. पावतीत हवालात न लिहिता सरकारी इमारत लिहावं. नाव गुंडप्पा वलद बंडप्पा एवढंच घालावं, शरणप्पांचे जावई असं लिहू नये. कोठडी देणं कायद्यात बसत नसेल तर पागेतला एखादा कोपराही चालेल.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
गुंडप्पा वलद बंडप्पा
तुळजापूर, माहे बहमन, सन १३५२ फसली

सोबत: सासऱ्यांची चिठ्ठी. काम झाल्यावर परत मिळावी. तिच्यात खोटं काही नाही.

ता. क.: हुकूम रामकिसनशेठ यांच्या दुकानी पाठवावा. नळदुर्गच्या घरी पाठवू नये. शिपायानं दारात अर्जदाराचं नाव पुकारलं तर लेकच पुढं येईल, आणि या नावाचं आमच्यात कुणी न्हाय म्हणून सांगेल.