मुलं गप्प बसवण्याची माझी पद्धत

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.
पूनम ट्रेनिंगला गेली. चार दिवस. पोरं सांभाळायचं ट्रेनिंग! ऐकूनच शिसारी आली. सून माझी इथंच भवानी पेठेत अंगणवाडी सेविका. लग्नाआधीपासून पोरांच्यातच आहे. आता सरकार तिला पोर म्हणजे काय ते समजावणार.
मी स्वतः उभा जन्म शिक्षणात काढला. शिपाई होतो ही गोष्ट वेगळी. मी घंटा दिल्याशिवाय हेडमास्तरसुद्धा वर्गात जात नसत.
संकल्प: या विषयात तोंड घालायचं नाही. बीपी वाढतं.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी.
तोंड घातलं. काय शिकवलं म्हणून विचारलं. म्हणे, गोल करून गाणी म्हटली, मातीची भाकरी थापली. चाळीस बायका! पगारी! मी म्हटलं, लिहून काय घेतलं? तर म्हणाली, "मामा, पोरं खेळताना बोलतात, बोलताना शिकतात." मग शाळा कशाला बांधल्या?
रात्री जेवण गेलं नाही. दोनच भाकरी.

४ फेब्रुवारी.
घर आहे का उकिरडा? बाटल्यांची झाकणं, काड्यापेट्या, आईस्क्रीमच्या काड्या. माझ्या मोज्याला बटणं शिवून त्याचा ससा केलाय. माझ्या मोज्याला! किळस आली. सगळं पोत्यात भरलं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं. फार दिवसांनी घर घरासारखं दिसलं.

४ फेब्रुवारी, रात्री.
ते तिचं ट्रेनिंगचं साहित्य होतं म्हणे. मुलगा सिद्धाराम म्हणाला, "आप्पा, तुम्ही घरात राहताय का घंटागाडीवर आहात?" बापाशी बोलायची ही रीत.
पूनम रडली. मग कळलं ते असं. मंगळवारी सुपरवायझर झीनत मॅडम अंगणवाडी बघायला येणार. पसंत पडली तर ती नमुना अंगणवाडी होणार, दुसऱ्या सेविका हिच्याकडे शिकायला येणार. पूनम म्हणाली, "गल्लीत मला अजून खिचडीवाली बाई म्हणतात, मामा. एकदा तरी कुणी शाळेतल्यासारखं नुसतं बाई म्हणू दे."
वाईट वाटलं. आमटी खारट होती तरी बोललो नाही.
संकल्प: ही अंगणवाडी मी पास करून देणार.

५ फेब्रुवारी.
पूनमच्या ट्रेनिंगचा शेवटचा दिवस. ती नसताना अंगणवाडीत गेलो. मदतनीस बनाबाई एकटीच होती. काय तो गोंगाट! नाकं वाहतायत, माती खातायत, सगळी एकदम बोलतायत. इफ्रा नावाची चार वर्षांची एक पोरगी आहे, तिच्या तोंडाला झाकणच नाही. "आज्जा, तुमचे दात कुठं गेले? तुम्ही खाल्ले?"
मी बनाबाईला म्हटलं, ही शिस्त? ती म्हणाली, "लेकरं हायती आप्पा. बोलनारच की."
मी खुर्ची घेतली. हाताची घडी, तोंडावर बोट. आमच्या शाळेत अख्खा वर्ग या एका वाक्यावर चालायचा. एकाने बोट नाकात घातलं. एक घडी घालता घालता आडवा झाला. इफ्राने बोट तोंडावर ठेवून बोलणं चालूच ठेवलं.
उद्या राजगिऱ्याचे लाडू नेणार.

९ फेब्रुवारी.
जमलं! पूनम दुपारी गृहभेटींना बाहेर पडली की मी आत. मी हात वर केला की घडी आणि बोट. हात खाली येईपर्यंत जो गप्प, त्याला लाडू. इफ्रासुद्धा गप्प! डोळे बाहेर आले तिचे, पण गप्प.
पूनमला सांगायचं नाही असं पोरांना बजावलंय. उद्या तिला एकदमच दिसू दे. बनाबाई म्हणाली, "मला काय ह्ये बरं दिसंना." अडाणी बाई.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
झीनत मॅडम आल्या. मी खिडकीबाहेर उभा राहिलो आणि हात वर केला.
काय शांतता! माझे डोळे भरून आले. मॅडमनी शेळीचं चित्र दाखवलं. हे काय आहे? कुणी बोललं नाही. पूनमने गाणं सुरू केलं. एकटीच म्हणत राहिली, मधेच तिचा आवाज बसला. मॅडमनी इफ्राला नाव विचारलं. इफ्राने मान हलवली. मला वाटलं, आता पैकीच्या पैकी. हात आणखी वर केला.
पूनमच्या कपाळावर घाम. मॅडमनी विचारलं, "ही मुलं कधीच बोलत नाहीत का, ताई?"
तेवढ्यात बनाबाई खिडकीशी येऊन ओरडली, "आप्पा, हात खाली घ्या की!" दचकून घेतला. सगळी पोरं लाडू लाडू करत खिडकीवर येऊन आदळली. मग इफ्राने मॅडमना सगळं सांगितलं, एका श्वासात. नाव, आज्जा, लाडू, दात, सगळं.

१३ फेब्रुवारी.
दुसरी अंगणवाडी निवडली. खात्याला शिस्तीची कदर नाही. पूनम पूर्वीसारखीच चहा देते. रागावली की बशी आपटायची, आता तेवढंही नाही. आपटली असती तर बरं वाटलं असतं.

१७ फेब्रुवारी.
झीनत मॅडमचा फोन! माझ्यासाठी! उद्या सेविकांची बैठक आहे, तुमची पद्धत करून दाखवाल का? मला माहीतच होतं. आठवडाभर विचार केला असेल बाईंनी.
कोटाला इस्त्री केली. पूनम म्हणाली, "मामा, नका जाऊ." तिला वाईट वाटणं साहजिक आहे. घरातल्या घरात पुढे गेलेलं माणूस कुणाला बघवतं?

१८ फेब्रुवारी.
हॉल भरलेला. पूनम तिसऱ्या रांगेत, खाली मान घालून. मी हात वर केला. सगळ्या बायकांनी हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. बराच वेळ हात वर ठेवला.
मॅडमनी विचारलं, कसं वाटलं? एक बाई म्हणाली, गुदमरल्यासारखं. दुसरी म्हणाली, पाणी मागायचं होतं, भीती वाटली. मी वळून बघितलं तर मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. शरणप्पा आजोबांची पद्धत. आणि त्याच्यावर, मोठ्या अक्षरात: हे करू नका.
बायका हसल्या. हात खाली घ्यायचा राहिला होता माझा.
पूनम उठली. पुढे आली आणि पदराने फळ्यावरचं माझं नाव पुसलं. नुसतं नाव. मॅडमना म्हणाली, "पद्धत चुकली, मॅडम. माणूस घरचं आहे." आणि मला म्हणाली, "मामा, चला."
पदर पांढरा झाला तिचा. फळा कधी पदराने पुसतात? डस्टर काय शोभेला ठेवलं होतं? रिक्षात सांगणार होतो. नाही सांगितलं.